पाणबुडीतली तंबाखू आणि सिगारेट सोडवणारा च्युइंग गम

१/८
जानेवारी १९६४. अमेरिकेचे सर्जन जनरल लूथर टेरी यांच्या सल्लागार समितीने धूम्रपानावरील अहवाल प्रसिद्ध केला. पुरुषांतील फुप्फुसाच्या कर्करोगाला सिगारेट कारणीभूत ठरते, हे त्यात ठामपणे मांडले होते. मात्र सिगारेटच्या ओढीला समितीने 'व्यसन' न म्हणता 'सवय' म्हटले. सवय मोडणे हा ज्याच्या त्याच्या मनोनिग्रहाचा प्रश्न. सिगारेट सुटत नसेल, तर दोष ओढणाऱ्याचा!

२/८
ही समजूत हलवणाऱ्या शोधांपैकी एकाचे मूळ स्वीडनच्या पाणबुड्यांत आहे. पाण्याखालच्या त्या बंदिस्त जागेत धूम्रपानास मनाई असे. लुंड येथील संशोधक क्लास लुंडग्रेन व स्टेफान लिश्टनेकर्ट यांच्या ध्यानात आले, की सिगारेट ओढणारे नाविक तेथे तोंडात तंबाखू धरून वेळ निभावून नेतात.

३/८
डिसेंबर १९६७ मध्ये लुंडग्रेन यांनी हे निरीक्षण ओव्हे फर्नो यांना पत्राने कळवले. फर्नो हे हेल्सिंगबोर्गच्या 'लिओ' या औषध कंपनीत संशोधनप्रमुख आणि स्वतः धूम्रपान करणारे. धुराविना नाविकांचे भागते, याचा अर्थ शरीर मागते ते निकोटिन. मग ते सिगारेटऐवजी औषधातून दिले तर?

४/८
उत्तर होते च्युइंग गम. पण निकोटिन एकदम सुटून चालणार नव्हते. म्हणून ते एका विशिष्ट राळेत बांधले गेले. चावावे तसे ते हळूहळू सुटे. तोंडाच्या अस्तरातून ते शोषले जावे, यासाठी गममध्ये अल्कधर्मी क्षारही घालण्यात आला. तळहातावर तंबाखूत चुना मळणारा आपल्याकडचा माणूस नकळत याच तत्त्वाचा उपयोग करत आला आहे.

५/८
१९७८ मध्ये स्वित्झर्लंडने या गमला औषध म्हणून मान्यता दिली. पण ज्या द्रव्याची ओढ, तेच द्रव्य औषध कसे? लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयातील मनोविकारतज्ज्ञ मायकेल रसेल यांनी १९७६ मध्येच याचे उत्तर दिले होते: लोक सिगारेट ओढतात निकोटिनसाठी, मरतात मात्र धुरातल्या डांबरामुळे.

६/८
रसेल व सहकाऱ्यांची चाचणी १९८२ मध्ये प्रसिद्ध झाली. ११६ जणांचे ५८-५८ असे दोन गट. एका गटाला खरा गम. दुसऱ्याला निकोटिन जेमतेमच शोषले जाईल असा गम. सामूहिक उपचारांचा आधार दोघांनाही सारखाच. वर्षभरानंतर पहिल्या गटातील २७ जण सिगारेटमुक्त होते, दुसऱ्यातील १२.

७/८
हे आकडे दोन्ही बाजूंनी वाचावेत. निकोटिन मिळताच यश दुपटीहून अधिक झाले. म्हणजे अडचण केवळ इच्छाशक्तीची नव्हती. पण खरा गम मिळूनही ३१ जणांना सिगारेट सोडता आली नाही, आणि त्याच्या मदतीविना १२ जणांनी ती सोडली. औषधाला मर्यादा होत्या, आणि माणसांच्या आधारालाही मोल होते.

८/८
१९८४ मध्ये अमेरिकेनेही गमला मान्यता दिली. १९८८ मध्ये सर्जन जनरल एव्हरेट कूप यांच्या अहवालाने निकोटिन व्यसन लावते, असे स्पष्ट सांगितले. 'सवय' ते 'व्यसन' या दोन शब्दांतले अंतर कापायला २४ वर्षे लागली. २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने निकोटिनच्या पर्यायी उपचाराला अत्यावश्यक औषधांच्या यादीत स्थान दिले. आपल्याकडे मात्र 'व्यसनी' हा शब्द आजही निदानापेक्षा शिवी म्हणूनच अधिक वापरला जातो.