सैनिक व श्वान : प्रणयरहस्य कादंबरीतील कल्पनाबंध

युद्धावरून परतलेला सैनिक आणि त्याचा एकनिष्ठ श्वान ही जोडी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात व त्यानंतर इंग्रजी प्रणयरहस्य कादंबरीत वारंवार आढळू लागली. प्रणयरहस्य कादंबरीत प्रेमकथा व संकटकथा एकमेकींवर अवलंबून असतात. नायिकेवरील संकटाचा उलगडा झाल्याखेरीज प्रेम सफल होत नाही आणि नायकावर विश्वास ठेवावा की नाही, हे तिला कळेपर्यंत संकट टळत नाही. अशा रचनेत अबोल झालेल्या माजी सैनिकाची साक्ष देण्याचे काम बहुधा त्याचा श्वान करतो. मात्र हा कल्पनाबंध लेखकांनी केवळ सोयीसाठी रचलेला नाही. त्यामागे सैनिकी श्वानांचा खराखुरा, आणि काही भागांत लाजिरवाणा, इतिहास आहे.

त्याचे मूळ होमरच्या ओडिसी या महाकाव्याच्या सतराव्या सर्गात सापडते. ट्रॉयच्या युद्धाहून विसाव्या वर्षी घरी परतलेला ओडिस्यूस भिकाऱ्याच्या वेषात आहे. पत्नीच्या मागे लागलेल्या पुरुषांनी वाड्यात ठाण मांडले आहे आणि ओळख पटली, तर त्याचा जीव धोक्यात आहे. दाराबाहेर उकिरड्यावर पडलेला त्याचा वृद्ध आर्गोस त्याला ओळखतो, शेपटी हलवतो व प्राण सोडतो. सोबतच्या यूमायसला कळू नये, म्हणून ओडिस्यूसला डोळ्यांतील पाणी लपवावे लागते. योद्धा, संकटातील पत्नी, लपविलेली ओळख आणि ती जाणणारा श्वान ही पुढील कादंबऱ्यांची सारी सामग्री येथे आहे. फक्त श्वानाची निष्ठा येथे नायकाला उपयोगी पडण्याऐवजी घातक ठरू शकली असती. नंतरच्या कादंबरीकारांनी ही धार बहुधा बोथट केली.

पहिल्या महायुद्धाने (१९१४–१८) या कल्पनेला आधुनिक रूप दिले. एडविन हॉटनव्हिल रिचर्डसन या अधिकाऱ्याने १९१७ मध्ये शूबरिनेस येथे ब्रिटिश सैन्यासाठी युद्धश्वानांची शाळा उभारली. संदेशवाहक श्वानांबाबतची त्याची पद्धत ध्यानात घेण्यासारखी आहे. श्वानाचा सांभाळ करणारा सैनिक पिछाडीच्या ठाण्यावरच राही. श्वानास मात्र दुसरे सैनिक आघाडीवरील खंदकात नेत. तेथून संदेश गळपट्ट्याला बांधून त्यास सोडले, की चिखल, तारांची कुंपणे व तोफांचा मारा ओलांडून तो आपल्या माणसाकडे धाव घेई. खंदकातील इतरांनी त्यास कुरवाळू नये व खाऊ घालू नये, अशी सक्त ताकीद असे. कारण लळा वाटला गेला, तर संदेश पोहोचणार नाही. म्हणजे एका विशिष्ट माणसाविषयीची ओढ हेच येथे दळणवळणाचे साधन होते. कादंबरीत जिला भावना म्हणून स्थान मिळाले, ती निष्ठा सैन्याने प्रथम तंत्र म्हणून वापरली.

युद्धोत्तर काळात दोन घटना महत्त्वाच्या ठरल्या. युद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांसाठी जर्मनीत ओल्डेनबुर्ख येथे १९१६ मध्ये मार्गदर्शक श्वानांची शाळा निघाली. पुढे ही प्रथा स्वित्झर्लंडमार्गे अमेरिकेत पोहोचली व १९२९ मध्ये तेथे ‘द सीइंग आय’ ही संस्था स्थापन झाली. दुसरी घटना लोकरंजनाची. ली डंकन या अमेरिकन सैनिकास सप्टेंबर १९१८ मध्ये फ्रान्समधील लॉरेन प्रांतात, बाँबहल्ल्याने उद्ध्वस्त झालेल्या श्वानगृहात जर्मन शेफर्ड जातीची पिल्ले सापडली. त्यांपैकी दोघांना तो मायदेशी घेऊन गेला. त्यांतील एक म्हणजे रिन-टिन-टिन (१९१८–३२), मूकपटांचा विख्यात श्वान-नट. डंकनचे बालपण काही काळ अनाथाश्रमात गेले होते, हे लक्षात घेता निराधार पिल्लांविषयीचा त्याचा जिव्हाळा अधिक समजतो.

कादंबरीने मात्र श्वानाला लगेच जवळ केले नाही. ‘सॅपर’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या मॅकनीलच्या बुलडॉग ड्रमंड (१९२०) या कादंबरीत सैन्यातून मुक्त झालेला, शांततेला कंटाळलेला नायक वृत्तपत्रातील जाहिरातीद्वारे साहस मागतो आणि एका तरुणीच्या पत्रामुळे संकट व प्रेम या दोहोंत ओढला जातो. येथे श्वान आहे, तो केवळ नायकाच्या टोपणनावात! मेरी स्ट्यूअर्टच्या (१९१६–२०१४) मॅडम, विल यू टॉक? या पहिल्या कादंबरीची नायिका युद्धात मारल्या गेलेल्या वैमानिकाची विधवा असून तीतील मुलाच्या कुत्र्याचे नाव रोमेल हे आहे. शत्रूच्या सेनापतीचे नाव पाळीव कुत्र्याला देण्याइतके युद्ध तोवर मागे पडले होते आणि स्मरणातून गेलेही नव्हते.

या कल्पनाबंधास आजचे गांभीर्य आले, ते व्हिएटनाम युद्धामुळे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन नागरिकांनी १९४२ पासून आपले घरचे कुत्रे सैन्यास दिले होते. युद्धानंतर त्यांची आक्रमक सवय मोडून त्यांतील बहुतेकांना घरी परत पाठविण्यात आले. काही आपल्या सैनिकांबरोबर गेले. पुढे सैन्य स्वतःच श्वान विकत घेऊ लागले आणि त्यांची गणना सामग्रीत होऊ लागली. परत मागणारे कुटुंब उरले नाही. व्हिएटनाममध्ये सुमारे ४,००० श्वानांनी काम केले, असा अंदाज आहे. परतले सुमारे २००. उरलेल्यांपैकी जे लढाईत वा रोगाने मेले नाहीत, त्यांना दक्षिण व्हिएटनामच्या सैन्याकडे सोपविण्यात आले किंवा ठार करण्यात आले. उष्ण प्रदेशातील श्वानरोग अमेरिकेत पसरेल, हे कारण देण्यात येई. भीती अगदीच निराधार नव्हती. पण काही श्वान परत नेता आले, तर अधिक का नाहीत, हा सैनिकांचा प्रश्न अनुत्तरित राहिला. आपला जीव वाचविणाऱ्या सोबत्यास साखळीला बांधून विमानात चढावे लागले, ही सल त्यांनी पुढे अनेक वर्षे बोलून दाखविली. नोव्हेंबर २००० मध्ये झालेल्या कायद्याने निवृत्त श्वान पूर्वीच्या सांभाळकर्त्यांना दत्तक घेता येऊ लागला. २०२१ च्या आणखी एका कायद्याने, युद्धोत्तर मानसिक आघाताने ग्रस्त माजी सैनिकांना श्वान-प्रशिक्षणात सामावून घेणारा उपचार-प्रकल्प सुरू करण्याची तरतूद केली.

भारतीय सैन्यात श्वानांचे प्रशिक्षण मेरठ येथील रिमाउंट अँड व्हेटरनरी कोअरच्या केंद्रात होते. पूर्वीच्या घोरपडे संस्थानातील मुधोळच्या शिकारी श्वानांनाही २०१६ पासून तेथे शिकवून पाहण्यात आले. सेवेस निरुपयोगी ठरलेल्या श्वानांना दयामरण देण्याची प्रथा येथेही होती. २०१५ मध्ये ती न्यायालयासमोर आल्यावर धोरण बदलले. मराठी रहस्यकथेने या विषयाकडे फारसे लक्ष दिलेले दिसत नाही.

रॉबर्ट क्रेसच्या सस्पेक्ट (२०१३) या कादंबरीत प्रेमकथा जवळजवळ नाही. पण या परंपरेत तिने केलेला बदल मोठा आहे. तिच्यातील माजी सैनिक म्हणजे अफगाणिस्तानात आपला सांभाळकर्ता गमावलेली मॅगी ही जर्मन शेफर्ड कुत्री. सहकाऱ्याच्या हत्येने खचलेल्या पोलिसाकडे ती येते, तेव्हा बंदुकीच्या आवाजाने दोघेही सारखेच दचकतात.