मोटेचं कातडं

आमच्या माळ्यावर एक पत्र्याची पेटी आहे. आत वाकस, पटाशी, गिरमिट, आरी, दाभण आणि बिस्किटाच्या जुन्या डब्यात नटबोल्ट. आमचे आबा शाळेत दुसरीपर्यंत गेले. हातकाम कुणाकडं शिकले नाहीत, पण कुळवाचं दिंड असो, पाभरीचं चाडं असो की शेजारणीच्या दाराची कडी, मोडलेलं दिसलं की घेऊन बसायचे. पैसा कुणाचा घेतला नाही. चहा तेवढा घ्यायचे. आई वैतागायची, "ह्यांना मोडकं दिसलं की भूक लागत न्हाई."

आमचा माण तालुका म्हणजे पावसानं वाट चुकल्यासारखं कधीतरी यायचं. विहिरीवर मोट होती. आताच्या पोरांना सांगावं लागतं, मोट म्हणजे कातड्याची मोठी पिशवी, खाली सोंड. बैल धावेवरून उतरत गेले की मोट भरून वर यायची आणि थारोळ्यात पाणी ओतायची. तिला भोक पडलं की आबा कंदिलाच्या उजेडात ठिगळ शिवत. घरातल्या माणसाला लावावं तसं तिला तेल लावत.

१९७२ साली मी बारा वर्षांचा होतो. विहिरीनं तळ गाठला. बैलजोडी म्हसवडच्या बाजारात मिळेल त्या किमतीला गेली. मोट आढ्याला टांगली आणि सगळं घर दुष्काळी कामावर गेलं. आबा-आई खडी फोडायची, आम्ही पोरं पाट्या उचलायचो. सुकडी मिळायची, परदेशातून आलेली तांबडी मिलो मिळायची. तिची भाकरी थापता थापता तुटायची. त्या कामांतूनच पुढं रोजगार हमीचं रूप पक्कं झालं. वि. स. पागे यांनी मांडलेली ती कल्पना, कायदा १९७७ साली झाला. पण तेव्हा आम्हाला कायदा माहीत नव्हता, मुकादमाचं माप तेवढं माहीत. ते नेहमी आमच्याच ढिगाला कमी भरायचं!

आबांनी तिथंही डोकं चालवलं. मोटेच्या जुन्या दोराची कडी वळली. कडीत दगड धरून घाव घातला की कपच्या डोळ्यात उडत नसत. दोन दिवसांत निम्म्या बायकांच्या हातात तसली कडी दिसायला लागली.

उन्हाळा लागला. कामाची जागा चार मैल, पायात काही नाही. धाकटीच्या तळपायाला फोड आले. गावात वहाणा शिवणारे नाना पोट भरायला मुंबईला गेलेले. एका रात्री आबांनी मोट खाली काढली, भिजत घातली आणि सकाळी कापायला बसले. पारावरची माणसं हसली. शेतकऱ्यानं वहाणा शिवायच्या म्हणजे तेव्हा बोलणं व्हायचंच. आबांनी मान वर केली नाही. आई मात्र रडली.

"मोट कापली, म्हंजी हिरीला पानी येनार न्हाई असंच समजायचं का?"

आबांनी उत्तर दिलं नाही. तिचा पाय उचलून कातड्यावर ठेवला आणि कोळशानं भोवती रेघ ओढली. चारचौघांत नवऱ्यानं बायकोच्या पायाला हात लावायचा, ते दिवस तसले नव्हते. आई रडायची थांबली.

मृगाचा पाऊस त्या वर्षी वेळेवर आला. विहीर भरली. आता मोटही नव्हती आणि बैलही नव्हते. आई एका शब्दानं बोलली नाही, त्याचंच आबांना जास्त लागलं असावं. काही वर्षांनी सोसायटीचं कर्ज काढून ऑइल इंजन आणलं. ते बंद पडलं की आबा सगळं खोलून चादरीवर मांडायचे आणि मला म्हणायचे, "कुठला नट कुठनं काढला ध्यानात ठिव." मी दहावी झालो, पण इंजनाची शाळा ही.

मोटेचं उरलेलं कातडं त्यांनी जपून ठेवलं होतं. पंपाला, नळाला वायसर लागलं की त्यातूनच गोल कापून द्यायचे. गावात कितीतरी ठिकाणी आमची मोट अशी थोडी थोडी गेली. पेटीत आता तळहाताएवढा तुकडा आहे. परवा नातवानं त्याच्या सायकलच्या पंपासाठी वायसर मागितलं. मी आरी काढली, पेटी उघडली, आणि बराच वेळ तसाच बसून राहिलो. मग कापून दिलं.