गोधडी : घरोघरचे दप्तर

नवरात्र आठ-दहा दिवसांवर आले की कळवण तालुक्यात गिरणेच्या काठी एक देखावा ठरलेला असतो. सप्तशृंगगडावरच्या देवीचा उत्सव जवळ आलेला असतो, आणि घट बसण्यापूर्वी घरातले सगळे अंथरूण-पांघरूण धुऊन निघालेच पाहिजे, हा आपला जुना रिवाज. बायाबापड्या भल्या सकाळी गोधड्यांची ओझी घेऊन नदीवर येतात. दुपारपर्यंत खडकांवर, झुडपांवर, बांधांवर रंगीबेरंगी गोधड्या वाळत पडलेल्या दिसतात. श्रोतेहो, आज मी आपल्याशी या गोधडीविषयीच बोलणार आहे. गोधडीला कसला आला आहे इतिहास, असे कोणी म्हणेल. पण माझा अनुभव सांगतो की घराचा इतिहास सांगणारे इतके चांगले दप्तर दुसरे नाही.

आमच्या आजीची एक गोधडी होती. तिच्यावर आजोबांच्या फेट्याचा तुकडा होता, वडिलांच्या खाकी चड्डीचे ठिगळ होते, आत्याच्या परकराचा खण होता. मधोमध एक हिरवा चौकोन होता. तो 1972 च्या दुष्काळात खडी फोडून मिळालेल्या मजुरीतून घेतलेल्या लुगड्याचा. रात्री पांघरूण घालताना आजी बोट ठेवून एकेक तुकडा सांगायची. दुष्काळाची माहिती मी पुढे पुस्तकांतून वाचली, पण दुष्काळ मला पहिल्यांदा कळला तो त्या हिरव्या चौकोनावरून.

आता ही गोधडी होते कशी ते पाहू. नऊवारी लुगडे म्हणजे 27 फूट कापड. त्याचे चार पदर घातले की पावणेसात फूट लांब आणि सुमारे चार फूट रुंद असे अंथरूण होते. उन्हाळ्यात शेतीची कामे आटोपली की सारवलेल्या जमिनीवर हे पदर ताणून पसरायचे, कोपऱ्यांवर दगड ठेवायचे, वरून ठिगळे लावायची आणि काठापासून आत आत धावदोरा घालीत यायचे. दोन ओळींत एका बोटाचे अंतर ठेवले तर चार फुटांत सुमारे 64 ओळी बसतात. म्हणजे एकूण 432 फूट शिवण झाली. इंचाला तीनच टाके धरले तरी पंधरा हजारांच्या वर टाके होतात! शिक्षक बंधुभगिनींनी हे गणित वर्गात अवश्य घालावे. आईच्या बोटांना भोके का पडतात, हे मुलांना आपोआप समजेल.

या कष्टांवर उतारा म्हणून शिवणयंत्र आले. परंतु त्याचे स्वागत सगळीकडे आनंदाने झाले असे नाही. फ्रान्समधील तिमोनिए नावाच्या शिंप्याने 1830 मध्ये आपल्या यंत्राचे पेटंट घेतले. पॅरिसमध्ये त्याच्या यंत्रांवर सैनिकांचे गणवेश शिवले जाऊ लागले, तेव्हा पोट मारले जाईल या भीतीने तिथल्या शिंप्यांनी कारखान्यावर हल्ला करून यंत्रे मोडून टाकली. पुढे अमेरिकेत एलियस हाऊ याने 1845 मध्ये बोस्टन शहरी आपले यंत्र मिनिटाला 250 टाके घालते हे दाखवून दिले, आणि 1846 साली पेटंट मिळवले. म्हणजे आमच्या आजीचे पंधरा हजार टाके तासाभरात! त्यानंतर 1851 मध्ये आयझॅक सिंगरने सुधारलेले यंत्र काढले. त्याच्या कंपनीने हप्तेबंदीने विक्री सुरू केली, आणि यंत्र जगभरच्या घरांत पोहोचले. आपल्याकडे कलकत्त्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्सने 1930 नंतरच्या दशकात 'उषा' यंत्र काढले.

यंत्रांविषयी साशंक असलेले महात्मा गांधीसुद्धा शिवणयंत्राला अपवाद करीत असत. 1924 मधील एका संभाषणात त्यांनी हे यंत्र मोजक्या उपयुक्त शोधांपैकी एक असल्याचे सांगितले. पत्नीचे कष्ट पाहवेनात म्हणून सिंगरने ते केले, अशी त्यांची समजूत होती. इतिहासाच्या कसोटीला ही हकिगत उतरत नाही, कारण हा शोध अनेकांच्या हातून टप्प्याटप्प्याने लागला. पण गांधीजींचा मुद्दा खोटा ठरत नाही. माणसाचे कष्ट हलके करणारे यंत्र आणि माणसाला बाजूला सारणारे यंत्र यांत फरक असतो.

गोधडीच्या बाबतीत मात्र घरगुती यंत्राची एक अडचण आहे. त्याची सुई आणि उजवीकडचा खांब यांत जेमतेम वीतभर जागा असते. पोलके शिवायला ती पुरते, पण जाडजूड गोधडी गुंडाळून तेवढ्या जागेतून सरकवताना हात भरून येतात. यावर तोड म्हणून परदेशात लांब हाताचे यंत्र निघाले. त्याच्या हाताखाली दीड ते अडीच फुटांची जागा असते. आणि गंमत अशी की नेहमीच्या यंत्रात कापड सरकते, सुई जागेवर राहते. इथे कापड चौकटीवरच्या रुळांना ताणून बांधलेले असते आणि यंत्रच त्यावरून फिरते. जणू आमच्या आजीचीच पद्धत! तिचीही गोधडी जागेवर असायची, ती तिच्याभोवती सरकायची. या यंत्राची किंमत लाखांच्या घरात जाते, म्हणून आपल्या खेड्यांत ते सहसा दिसत नाही. आपल्याकडे रस्त्याच्या कडेला साधे मशीन मांडून गोधड्या शिवून देणारे कारागीर दिसतात.

अशाच एका फिरत्या कारागिराकडे आम्ही आजीची गोधडी दिली. आजी गेल्यावर ती विरत चालली होती, आणि आईची बोटे आता चालत नव्हती. त्याने दोन्ही बाजूंनी नवे फुलाफुलांचे कापड घातले आणि संध्याकाळच्या आत सरळ रेघांची देखणी गोधडी हातात ठेवली. घरी आणल्यावर माझ्या ध्यानात आले की हिरवा चौकोन कायमचा आत गेला. मी हळहळलो, तेव्हा आई म्हणाली, "अरे, तुला वाचायला पाहिजे, मला पांघरायला पाहिजे!" तिचे म्हणणे खोटे नव्हते. पण एवढी गोष्ट माझ्या मनातून जाईना.

विचार केल्यावर वाटले, दोष यंत्राचा नव्हता. ठिगळे वर ठेवून खालून नवे अस्तर लावा, एवढे सांगायचे मलाच सुचले नाही. लांब हाताचे काय किंवा साधे काय, कोणतेही यंत्र फक्त थर एकमेकांना जोडते. वर काय दिसावे हे माणूस ठरवतो. अमेरिकेत चौकोनी तुकडे मांडीवर जोडून त्यांचे ठोकळे करतात आणि ते ठोकळे सांधून वरचा थर होतो. तिथेही मांडणी माणसाचीच. अलाबामा राज्यात जीज बेंड नावाची कृष्णवर्णीय शेतकऱ्यांची गरीब वस्ती आहे. तिथल्या मिझूरी पेटवे या बाईने 1942 मध्ये पती वारल्यावर त्याच्या कामाच्या कपड्यांचीच गोधडी केली. या वस्तीतील गोधड्या 2002 साली ह्यूस्टन आणि न्यूयॉर्कच्या संग्रहालयांत मांडल्या गेल्या, आणि लोकांनी त्या चित्रांसारख्या उभ्या राहून पाहिल्या. आपल्या गिरणाकाठच्या गोधड्यांचे नाते त्यांच्याशीच आहे.

यंत्रापेक्षा मोठा बदल कापडात झाला आहे. 1857 च्या धामधुमीनंतर उत्तरेकडचे विणकर शेजारच्या मालेगावात स्थिरावले, आणि तिथली सुती लुगडी आपल्या बाजारांत येऊ लागली. ती जुनी होत होत मऊ झाली की गोधडीत येत. पुढे नायलॉन-पॉलिएस्टर आले. या कापडाची गोधडी अंगावरून निसटते, घाम शोषत नाही. म्हणजे सुती लुगड्यांची जी गोधडी आज घरात आहे, तशी पुन्हा होणे अवघडच.

म्हणून माझी एक विनंती आहे. या नवरात्रात गोधड्या वाळत पडतील, तेव्हा शिक्षकांनी मुलांना एकेक वही द्यावी. आजीजवळ बसून मुलाने एकेका ठिगळावर बोट ठेवावे आणि विचारावे, हे कोणाचे? कोणत्या बाजारातून घेतले? तेव्हा घरात काय चालले होते? मिळेल ते उत्तर लिहून घ्यावे. मग गोधडी यंत्रावर खुशाल द्यावी. आईच्या बोटांना विश्रांती मिळालीच पाहिजे. हिरव्या चौकोनाची हकिगत मी आता माझ्या वहीत लिहून ठेवली आहे. पण आत्याच्या खणावर कोणत्या रंगाची वेलबुट्टी होती, ते मात्र मला आठवत नाही, आणि आता विचारायला आजी नाही.