सोपे फटके

अमेरिकन पूलपटू विली मॉस्कोनी म्हटले की पाठोपाठ ५२६ हा आकडा येतोच. १९ मार्च १९५४ रोजी ओहायो राज्यातल्या स्प्रिंगफील्डमध्ये, एका प्रदर्शनीय सामन्यात, त्याने एकही न चुकवता ५२६ चेंडू पॉकेटमध्ये घातले. सामना २०० गुणांचाच होता, पण तो जिंकून झाल्यावरही पठ्ठ्या चुकेपर्यंत खेळत राहिला आणि हजर प्रेक्षकांनी तसे सह्यांनिशी लिहून दिले. हा विक्रम पासष्ट वर्षे टिकला. तरीही मॉस्कोनीचे मोठेपण या आकड्यावर जोखणे मला चुकीचे वाटते. आकड्यातून त्याची चिकाटी कळते, कसब कळत नाही. त्याचे कसब असे की त्याच्या वाट्याला अवघड फटका सहसा येतच नसे, आणि याच कारणाने ते पाहणाऱ्याच्या नजरेतून निसटे.

त्याचा खेळ होता स्ट्रेट पूल, जो आता फारसा कुठे खेळला जात नाही. टेबलावर पंधरा चेंडू असतात, आणि त्यांवर मारायचा एक पांढरा. कोणता चेंडू कोणत्या पॉकेटात जाणार हे आधी सांगायचे, मग मारायचे. दर चेंडूला एक गुण. चौदा संपले की पंधरावा आहे तिथेच ठेवून बाकीचे पुन्हा त्रिकोणात रचतात, टोकाची जागा तेवढी रिकामी सोडून. आता तो उरलेला चेंडू पॉकेटात घालतानाच पांढऱ्या चेंडूने रचलेला ढीग फोडायला हवा, नाहीतर पुढे मारायला काही उरत नाही. खरी परीक्षा या फटक्याच्या कितीतरी आधी सुरू होते. शेवटी कोणता चेंडू राखायचा, त्याच्या आधी कोणता उचलायचा, दर वेळी पांढरा नेमका कुठे थांबवायचा, हा हिशेब अर्धे टेबल भरलेले असतानाच करावा लागतो. तो जुळला की समोर उरतो हातभर अंतरावरचा, शिकाऊ पोरालाही जमेल असा फटका. ५२६ चेंडू म्हणजे अशी फोड ओळीने सदतीसएक वेळा साधणे. मॉस्कोनी हे झपाझप करी, टेबलाभोवती जणू चालता चालताच. १९५६ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या किन्स्टनला, स्पर्धेत, त्याने जिमी मूरसारख्या कसलेल्या खेळाडूला एकाच डावात १५०-० असे हरवले. तोलायचेच असेल तर मी हा सामना तराजूत घालीन, कारण इथे चूक झाली असती तर समोर मूर टपून बसला होता.

स्प्रिंगफील्डचे टेबल आठ फुटी होते, स्पर्धेच्या नऊ फुटीपेक्षा लहान, म्हणून तो विक्रम सोपा, असा एक आक्षेप आहे. तो निम्मा खरा आहे. लहान टेबलावर लांबचे फटके कमी होतात, पण चेंडूंची दाटीही वाढते, आणि दाटीत पांढरा हवा तिथे नेणे कठीण. पुढे जॉन श्मिटने २०१९ मध्ये ६२६ आणि जेसन शॉने २०२२ मध्ये ७१४ चेंडू घातले, तेही नऊ फुटी टेबलावर. दोघांचे श्रेय निर्विवाद आहे. मात्र त्यांचे प्रयत्न विक्रमासाठीच मांडलेले होते. एक फसला की दुसरा. मॉस्कोनीचा आकडा गावोगावच्या फिरतीतल्या एका संध्याकाळचा. दुसरा आक्षेप विजेतेपदांवर आहे: १९४१ ते १९५७ या काळातल्या पंधरा जागतिक विजेतेपदांपैकी काही आव्हानवीराशी झालेल्या थेट लढतींची आहेत. आहेतच. पण आयर्व्हिंग क्रेन, जिमी कॅरस अशी माणसे मैदानात असताना विजेतेपद पुनःपुन्हा पणाला लावणे ही काही पळवाट नव्हे.

मग लोकांच्या मनात या कसबाऐवजी जुगाराच्या अड्ड्याचे चित्र का ठसले? याचे मूळ ‘पूल’ या शब्दातच आहे. पूलरूम म्हणजे मुळात घोड्यांच्या शर्यतींवर पैसे लावण्याचा अड्डा. दोन शर्यतींमधला वेळ घालवायला तिथे टेबले आली आणि अड्ड्याचे नाव खेळाला चिकटले. आपल्याकडे याच जातीचा बिलियर्ड्सचा खेळ जिमखान्यांतून आला. पुण्यात जन्मलेल्या विल्सन जोन्सने १९५८ मध्ये कलकत्त्यात जागतिक हौशी बिलियर्ड्स अजिंक्यपद मिळवले, तेव्हा त्याला जुगाराचा कलंक पुसायचा नव्हता. फिलाडेल्फियाच्या मॉस्कोनीला तो पुसायचा होता. ब्रन्सविक या टेबले बनवणाऱ्या कंपनीसाठी तो सुटाबुटात देशभर प्रदर्शने देत हिंडला. आणि १९६१ मध्ये ‘द हसलर’ चित्रपटाने अंधारे अड्डे, पैजा, रात्रभर चाललेल्या झुंजी पुन्हा झळकवल्या. त्यातल्या मिनेसोटा फॅट्स या पात्राचे नाव रुडॉल्फ वॉन्डरोन नावाच्या बोलघेवड्या खेळाडूने स्वतःलाच लावून घेतले. १९७८ मध्ये दूरचित्रवाणीवर मॉस्कोनीने त्याला हरवले, पण हशा वसूल केला तो फॅट्सनेच. गंमत म्हणजे त्या चित्रपटाचा तांत्रिक सल्लागार मॉस्कोनीच होता. पडद्यावरच्या काही फटक्यांमागचे हातही त्याचेच. एका प्रसंगात तर तो स्वतः दिसतो, दोन्ही बाजूंच्या पैजेचे पैसे सांभाळणारा माणूस म्हणून.