चूल, पाणी आणि प्रार्थना : टिळकांच्या घराची गोष्ट

#धागा

१/१२
चर्च म्हटले की घंटा, मनोरा आणि उंच खिडक्या डोळ्यांसमोर येतात. परंतु ख्रिस्ती उपासनेचा आरंभ राहत्या घरांतून झाला. महाराष्ट्रात हेच घडताना एका घरात काय काय मोडले आणि काय नव्याने जुळले, याची ही कथा.

२/१२
पहिल्या शतकात ख्रिस्ती मंडळींची स्वतंत्र उपासनागृहे नव्हती. प्रिस्का आणि अक्विला या तंबू शिवणाऱ्या दांपत्याच्या घरी मंडळी जमत असे, असा उल्लेख नव्या करारातील पौलाच्या पत्रांत आहे.

३/१२
याचा ठोस पुरावा सीरियात, युफ्रेटिसकाठच्या ड्युरा-युरोपस येथे सापडला. मध्ये अंगण आणि भोवती खोल्या, असे आपल्या वाड्याची आठवण करून देणारे ते घर. तिसऱ्या शतकात दोन खोल्यांमधील भिंत काढून तेथे सभागृह केले गेले, तर एका खोलीत बाप्तिस्म्याचे कुंड बांधले गेले.

४/१२
पुढे ससानी आक्रमणाच्या भयाने तट बळकट करण्यासाठी तटालगतची घरे मातीने भरली गेली. इ.स. २५६च्या सुमारास नगर पडले. मात्र त्या मातीमुळेच हे घर भित्तिचित्रांसह टिकले आणि १९३०च्या दशकात उजेडात आले. तेथे भिंत हटवून काम भागले. महाराष्ट्रात हटवायची भिंत वेगळीच होती.

५/१२
कवी नारायण वामन टिळक यांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पत्नी लक्ष्मीबाईंना विश्वासात न घेता उचललेले हे पाऊल होते. निर्णय एकाचा, संसार मात्र दोघांचा मोडला. काही वर्षे दोघे विभक्त राहिले.

६/१२
लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. त्यांच्या वडिलांचे सोवळे एवढे कडक की बाहेरून आलेली जवळजवळ प्रत्येक वस्तू धुऊन घेण्याचा त्यांचा हट्ट असे. अशा घरात वाढलेल्या स्त्रीच्या दृष्टीने धर्म चुलीपाशी, पाण्याच्या हंड्यापाशी आणि पंक्तीत वसत होता.

७/१२
पुढे त्या मुलगा दत्तू याच्यासह अहमदनगरला (आजचे अहिल्यानगर) पतीकडे आल्या, पण स्वतःच्या धर्मासह. त्यांचा स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे. टिळकांनी ही व्यवस्था मान्य केली. एकाच कुटुंबात दोन धर्म नांदू लागले.

८/१२
येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. कुटुंबप्रमुखाने धर्म बदलला म्हणून घर आपोआप ख्रिस्ती झाले नाही. जातिभेद ही ईश्वराची नव्हे, मनुष्याची निर्मिती आहे, अशी लक्ष्मीबाईंची खात्री त्यांच्या स्वतःच्या विचाराने पटली. मग त्या सर्वांच्या हातचे अन्नपाणी घेऊ लागल्या. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली. आधी पंक्ती बदलली, मग उपासना.

९/१२
आता प्रश्न भाषेचा. अमेरिकन मराठी मिशन १८३१पासून अहमदनगरात कार्यरत होते. मंडळी गात असलेल्या गीतांत पाश्चात्य चालींवर बसवलेली भाषांतरे पुष्कळ होती. टिळकांनी अभंग, पदे आणि भजने रचली. अभंगाला ऑर्गन लागत नाही, बाके लागत नाहीत; जमिनीवर बसून टाळांच्या साथीने तो घरातही गाता येतो. ज्ञानेश्वर-तुकारामांच्या वाणीवर वाढलेल्या कानांना ही उपासना परकी वाटली नाही.

१०/१२
या घराचे दार इतरांनाही उघडे होते. निराधार मुलांना तेथे आसरा मिळाला. ‘बालकवी’ ठोमरे काही काळ टिळकांकडे राहिले. त्यांनी धर्मांतर केले नाही. उपासनेचे घर आणि आसऱ्याचे घर एकच होते, आणि आसऱ्याला धर्माची अट नव्हती.

११/१२
१९१७ साली टिळक मिशनच्या चाकरीतून मुक्त झाले. साताऱ्यात त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोहोंनाही त्यात स्थान होते. ९ मे १९१९ रोजी ते निवर्तले. त्यांचे अपूर्ण ‘ख्रिस्तायन’ पूर्ण केले ते लक्ष्मीबाईंनी. एकेकाळी ज्यांचा हंडा वेगळा होता, त्यांनीच पतीचे सर्वांत मोठे ख्रिस्ती काव्य तडीस नेले.

१२/१२
धर्मांतराचा इतिहास बहुधा मिशनच्या अहवालांतून लिहिला जातो : किती बाप्तिस्मे, किती शाळा, किती चर्चे. स्वयंपाकघरात काय घडले, याची नोंद त्या अहवालांत सहसा सापडत नाही. ती ‘स्मृतिचित्रे’मध्ये आहे, आणि तीही घराची मोठी किंमत मोजलेल्या स्त्रीने, आश्चर्य वाटावे इतक्या विनोदबुद्धीने लिहिलेली. इतिहासाच्या अभ्यासकाने हा ग्रंथ साहित्य म्हणून तर वाचावाच, पण साधन म्हणूनही वाचावा.