काळविटाची हद्द आणि पारध्याचा गुन्हा

कर्जत तालुक्यातील रेहेकुरीच्या माळावर मी विद्यार्थ्यांची सहल नेतो. अवघ्या २.१७ चौरस किलोमीटरचे हे काळवीट अभयारण्य १९८० साली जाहीर झाले. एका सहलीत मी मुलांना काळविटाची माहिती सांगत होतो. मागे उभ्या असलेल्या एका पारधी मुलाने लेंड्यांच्या ढिगाकडे बोट केले. "गुरुजी, ह्यो त्याचा उंबरा. नर हितंच परत येतो." मी सहज विचारले, "तुला रे कसे ठाऊक?" तो गप्प झाला. माझ्या प्रश्नात त्याला फौजदाराचा आवाज ऐकू आला होता. हे गप्प होणे कोठून आले, याचा शोध घेतल्याशिवाय आपला सामाजिक इतिहास पुरा होणार नाही.

मुलाचे म्हणणे अचूक होते. कोवळा नर मादीसारखाच तांबूस असतो. वयात येताना त्याची पाठ काळी होत जाते, शिंगांना पीळ चढतो. असा जाणता नर माळाचा एक तुकडा आपला मानतो, ठरल्या जागी लेंड्या टाकून हद्द राखतो आणि दुसरा नर शिरला की झुंजीला धावतो. फासेपारध्यांनी त्याची हीच खोड हेरली. पाळलेल्या काळविटाच्या शिंगांना फास बांधून ते त्याला माळावर सोडीत. रानातला नर चालून आला की शिंगात शिंग गुंते आणि फास आवळे. या शिकारीला बंदूक लागत नव्हती, पिढ्यान्‌पिढ्यांचे निरीक्षण लागत होते.

हीच रीत अकबराच्या दरबारीही होती. अबुल फजलने 'ऐन-इ-अकबरी'त तिची नोंद केली आहे. कोल्हापूर संस्थानात चित्त्यांकरवी काळविटांची शिकार विसाव्या शतकातही चालू होती. राजाने राखीव रानात मारलेला नर हा पराक्रम, त्याची शिंगे दिवाणखान्यात; पारध्याने पोटासाठी धरलेला नर ही मात्र चोरी! विद्या एकच होती. जमीन कोणाची आणि जात कोणती, एवढाच फरक होता.

इंग्रज सरकारने या फरकाला कायद्याचे रूप दिले. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९११ च्या दुरुस्तीने देशभर लागू करता येऊ लागला. जन्मच गुन्हा ठरला. रोजची हजेरी आली, शेजारच्या सोलापुरात तारेच्या कुंपणाची सेटलमेंट उभी राहिली. अशा काळात राजर्षी शाहूंनी १९१८ साली आपल्या संस्थानातील हजेरी बंद केली आणि फासेपारध्यांना पहाऱ्याच्या कामावर घेतले. ज्यांच्यावर चोरीचा शिक्का, त्यांच्याच हाती राखण दिली! १९५२ साली हा कायदा रद्द झाला. पण मुंबई राज्यात १९५९ साली सराईत गुन्हेगार कायदा आला आणि पोलिसांची नजर तशीच राहिली.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने काळवीट वाचले. ते वाचलेच पाहिजे. शिकार परत द्या, असे मी म्हणत नाही. परंतु त्या कायद्याने अनुसूचित जमातींचे शिकारीचे हक्क राखले, ते केवळ निकोबार बेटांपुरते. महाराष्ट्रातील पारध्याची उपजीविका गेली. तिच्या बदल्यात जमीन वा रोजगार देण्याचे कलम त्यात नव्हते. हरणाला अभयारण्य मिळाले. हरीण ज्याला सर्वाधिक कळते, त्याला अभय कोणी दिले?

हा प्रश्न केवळ प्रस्थापितांना विचारून भागणार नाही. गावात चोरी झाली की आपल्या वस्तीतही पहिले नाव पारध्याचे निघते. बाबासाहेबांचे नाव घेणाऱ्या माझ्याही तोंडून ते एकदा निघाले आहे. त्या दिवशी मी कोणाच्या भाषेत बोललो?

म्हणून कार्यकर्त्यांना आणि शिक्षकांना माझे सांगणे आहे : पारध्यांचा इतिहास पोलिसांच्या दप्तरातून उचलू नका. त्यांच्या पालावर जा, म्हाताऱ्यांजवळ बसा आणि माळाचे ज्ञान त्यांच्याच बोलीत लिहून घ्या. आणि "तुला रे कसे ठाऊक?" असे विचारण्याआधी आपला आवाज तपासा. मी तो तपासला नव्हता.