कर्करोगोपचारातील नॅनो तंत्रज्ञान : संशोधन प्रवाहांचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
कर्करोगावरील रसायनोपचाराची मूळ अडचण प्रभावी औषधाचा अभाव ही नसून ते औषध योग्य ठिकाणी पोहोचविणे ही आहे. 'डॉक्सोरुबिसिन' हे औषध कर्कपेशींबरोबरच हृदयाच्या स्नायूंनाही इजा करते. त्यामुळे रुग्णाला देता येणाऱ्या त्याच्या एकूण मात्रेवर मर्यादा येते. ही मर्यादा ओलांडण्याच्या प्रयत्नांतून नॅनो औषधांचे संशोधन आकारास आले. प्रस्तुत लेखात त्याच्या तीन टप्प्यांचा आढावा घेऊन रुग्णाच्या पदरात नेमके काय पडले, याचा विचार केला आहे.

वाहकाचा शोध :
इंग्लंडमधील बाब्राहम येथे ॲलेक बँगहॅम व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकात असे दाखविले की, फॉस्फोलिपिडे पाण्यात मिसळल्यास दुपदरी पडद्याच्या सूक्ष्म पिशव्या आपोआप तयार होतात. त्यांनाच पुढे 'लायपोसोम' हे नाव मिळाले. ग्रेगरी ग्रेगोरियाडिस यांनी १९७० च्या दशकारंभी त्यांचा औषधवाहक म्हणून उपयोग सुचविला. परंतु यकृत व प्लीहेतील भक्षक पेशी या पिशव्या रक्तातून त्वरेने काढून टाकीत. जेरुसलेम येथील येहेझ्केल बारेनहोल्झ व अल्बर्टो गॅबिझॉन यांची पहिली रचना याच अडचणीमुळे निष्फळ ठरली. त्या अपयशानंतर पिशवीवर पॉलिएथिलीन ग्लायकॉलचे आवरण चढविण्यात आले आणि अमोनियम सल्फेटच्या साहाय्याने औषध आत कोंडून ठेवण्यात आले. अशा रीतीने सिद्ध झालेल्या 'डॉक्सिल' या औषधाला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९५ मध्ये एड्सशी निगडित कापोसी सार्कोमावरील उपचारासाठी मान्यता दिली.

आशेचा कालखंड :
जपानमधील यासुहिरो मात्सुमुरा व हिरोशी माएदा यांनी १९८६ मध्ये एक महत्त्वाचे निरीक्षण मांडले होते. गाठीतील रक्तवाहिन्या गळक्या असतात व लसिकेद्वारे होणारा निचरा अपुरा असतो. त्यामुळे मोठे रेणू गाठीत साचून राहतात. हे तत्त्व पुढील दोन दशकांच्या संशोधनाचा पाया ठरले. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने २००४ मध्ये या विषयासाठी स्वतंत्र कार्यक्रम जाहीर केला. २००५ मध्ये पॅक्लिटॅक्सेल व अल्ब्युमिन यांच्या सुमारे १३० नॅनोमीटर आकाराच्या कणांचे 'ॲब्राक्सेन' हे औषध स्तनाच्या कर्करोगासाठी मान्य झाले.

पुनर्विचार :
२००४ मध्येच प्रसिद्ध झालेल्या ५०९ स्त्रियांवरील एका चाचणीने मात्र वेगळी बाजू पुढे आणली. स्तनाच्या पसरलेल्या कर्करोगात डॉक्सिलची परिणामकारकता मूळ औषधाइतकीच आढळली. हृदयावरील दुष्परिणाम मात्र लक्षणीय प्रमाणात कमी झाले. तळहात व तळपायांच्या त्वचेचा त्रास वाढला. २०१६ मध्ये टोरांटो येथील संशोधकांनी मागील दहा वर्षांच्या प्राणिप्रयोगांचा एकत्रित अभ्यास केला. त्यात दिलेल्या नॅनोकणांपैकी मध्यकानुसार केवळ ०.७ टक्के कण गाठीत पोहोचल्याचे दिसले. त्याच गटाच्या २०२० मधील संशोधनानुसार बहुसंख्य कण गळक्या फटींतून नव्हे, तर रक्तवाहिनीच्या अस्तरपेशींमधून सक्रिय प्रक्रियेने आत शिरतात. साहजिकच संशोधनाचा भर नवे कण घडविण्याकडून गाठीचे जीवशास्त्र समजून घेण्याकडे वळू लागला.

भारतीय संदर्भ :
भारत सरकारने २००७ मध्ये 'नॅनो मिशन' सुरू केले. अमेरिकेत डॉक्सिलचा तुटवडा पडला तेव्हा, २०१२ मध्ये, मुंबईत मुख्यालय असलेल्या सन फार्मा समूहाचे 'लिपोडॉक्स' तेथे तात्पुरते आयात करण्यास अनुमती मिळाली. २०१३ मध्ये याच समूहाच्या जेनेरिक औषधाला तेथे रीतसर मान्यता मिळाली. मूळ शोध अन्यत्र लागला असला तरी अशी गुंतागुंतीची रचना भारतीय उद्योग सिद्ध करू शकतो, हे यावरून स्पष्ट होते.

निष्कर्ष :
गाठीचा अचूक वेध घेणारे औषध हे या संशोधनाचे उद्दिष्ट होते. डॉक्सिलच्या बाबतीत हाती आलेले प्रमुख फळ मात्र अधिक सुसह्य उपचार हे आहे. हृदय सुरक्षित राहून उपचार पूर्ण करता येणे ही रुग्णाच्या दृष्टीने लहान गोष्ट नव्हे. तथापि सुसह्यता आणि रोगमुक्ती यांतील भेद स्पष्ट ठेवणे आवश्यक आहे. अन्यथा प्रयोगशाळेतील यशाला रुग्णशय्येवरील यश समजण्याची चूक पुन्हा घडेल.